कमी खर्चात गाडीचा आवाज भारी करायचाय, सायलेन्सरला नक्की काय करू?

चारसिलिंडर

मंडळी, नमस्कार. माझ्याकडे १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक आहे. चार सिलिंडर, टर्बो नाही, पाच गिअर मॅन्युअल. गाडी जुनी आहे, वॉरंटी कधीच संपली. इंजिन ठणठणीत आहे, पण आवाज म्हणाल तर शिलाई मशीनचा. मला फार काही नको. सिग्नलला उभी असताना शांत राहिली तरी चालेल, पण दुसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की छातीत जाणवेल असा खर्ज यावा.

तयार एक्झॉस्ट किट बजेटमध्ये बसत नाही. हाताने काम करायची सवय आहे, ड्रिल आणि ग्राइंडर घरी आहे, वेल्डिंग मात्र येत नाही. आत्तापर्यंत मिळालेले सल्ले असे: मागच्या डब्याला खालून भोकं पाड, मधला रेझोनेटर (आवाज मारणारा छोटा डबा) उडवून सरळ पाइप टाक, शेवटी मोठ्या तोंडाची टिप लाव, आणि एकाने तर कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढून टाक असं सांगितलं.

यातलं करण्यासारखं काय आहे? पिकअप पडायला नको, चेक इंजिनचा दिवा लागायला नको. घरचेही याच गाडीत बसतात, त्यामुळे आत बसून डोकं उठेल असंही नको.

वेल्डिंगवाला

दादा, सायलेन्सर कापणं आणि जोडणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी ती भोकं यादीतून खोडून टाका. असा भोकं पाडलेला एक डबा कामावर आला होता, तो मी मधोमध कापून बघितला. बाहेरचा पत्रा, त्याच्या आत आडवे पडदे, त्या पडद्यांमुळे झालेले तीन कप्पे, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या जाळीदार नळ्या. ड्रिल फक्त बाहेरच्या पत्र्यातून गेलं होतं, म्हणजे एकाच कप्प्याला वाट मिळाली होती. बाकी सगळी रचना जागच्या जागी. त्यामुळे आवाज मोठा होत नाही, फाटतो. फुटलेल्या सायलेन्सरसारखी फरफर येते, कारण तुम्ही सायलेन्सर फोडलेलाच असतो. भोकांच्या कडेने पत्र्यावरचा लेप उडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात त्या पाइपातून जातं. जवळच्या फेऱ्या असतील तर डबा नीट तापत नाही आणि ते पाणी आतच साचतं. कित्येक डब्यांना कंपनीनेच तळाशी दोन-तीन मिलिमीटरचं भोक ठेवलेलं असतं, ते हे पाणी जायला असतं, आवाजासाठी नाही.

याहून मोठी गोष्ट वायूची. मागचा डबा डिकीच्या बरोबर खाली असतो. तिथून निघालेला धूर बंपरच्या बाहेर न जाता फरशीखाली घुटमळतो आणि डिकीचं रबर, वायरिंगची छिद्रं, पत्र्याचे सांधे अशा वाटांनी आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, आणि माणसाला वाटतं गाडी लागली. मागच्या सीटवर मूल झोपलेलं असेल तर ते काही सांगणारही नाही. म्हणून पाइप कसाही करा, त्याचं तोंड बंपरच्या बाहेर आणि आधीचा प्रत्येक सांधा घट्ट, यात तडजोड नाही.

कॅटला हात लावू नका. विषारी वायू निरुपद्रवी करायचं काम तोच करतो आणि बहुतेक ठिकाणी तो काढणं बेकायदा आहे. त्याच्या मागे दुसरा ऑक्सिजन सेन्सर असतो. कॅट गेला की त्या सेन्सरला ते कळतं, पी०४२० कोड पडतो आणि तुम्हाला नको असलेला दिवा लागतो. शिवाय कॅट काढून येणारा आवाज खर्जाचा नसतो, कर्कश असतो, आणि गाडीमागे उभं राहिलं की डोळे चुरचुरतात.

टिप हवी असेल तर दिसायला छान म्हणून लावा. आवाजात कान देऊन ऐकलं तर किंचित फरक पडतो.

आता करायचं काय ते. मी सुरुवात मागून नाही, पुढून करायला सांगतो. बॉनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्याला हवा आणणारी प्लास्टिकची सोंड असते आणि बऱ्याच गाड्यांत तिला एक रिकामा डबा चिकटलेला असतो. त्यातून हवा जात नाही, तो फक्त हवा ओढण्याचा आवाज मारायला बसवलेला असतो. दोन-चार क्लिपा किंवा १० चा पाना, एवढ्यावर तो निघतो. उरलेलं भोक रबरी बुचाने बंद करा. हळू चालवताना काही कळणार नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की थ्रॉटलची पाकळी उघडते आणि इंजिन हवा ओढतानाचा घोगरा आवाज सरळ केबिनमध्ये येतो. तुम्हाला ऐकू येतो, शेजाऱ्याला नाही. आवडला नाही तर डबा परत लावता येतो. मला स्वतःला चार सिलिंडरच्या छोट्या गाडीचा हाच आवाज सगळ्यात जास्त आवडतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. फिल्टर कधीही काढायचा नाही, धूळ आत गेली की रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती घासतात. आणि सोंडेचं तोंड मूळ जागेपेक्षा खाली आणायचं नाही. साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिनने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, मग आवाजाचा प्रश्नच उरत नाही.

एवढ्याने समाधान झालं नाही तर मागचा डबा बदला, आणि फक्त मागचाच. त्याच्या जागी आरपार नळीचा छोटा मफलर (सायलेन्सरचा डबा) टाका, ज्यात मधून जाळीची सरळ नळी जाते आणि तिच्याभोवती ग्लासवूल असतं. भंगारात चांगला डबा मिळतो. घेताना हलवून बघा, आत खुळखुळलं तर आतलं काहीतरी सुटलेलं आहे. शिवणीवर बोटाने दाबून बघा, मऊ लागली तर आतून कुजलाय. मधला रेझोनेटर जिथे आहे तिथेच राहू दे.

लहरी

वेल्डिंगवाल्यांशी पूर्ण सहमत. रेझोनेटर का ठेवायचा आणि खर्ज कुठून येतो, याबद्दल थोडं.

चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. त्यामुळे चार सिलिंडरच्या गाडीत आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) ३० ने भागलं की मूळ स्वराची वारंवारता मिळते: ३००० आरपीएमला १०० हर्ट्झ. त्याच आरपीएमला तीन सिलिंडरची गाडी ७५ हर्ट्झवर असते आणि आठ सिलिंडरची व्ही-८ चक्क २०० वर. म्हणजे व्ही-८ चा घुमारा मूळ स्वर खालचा असल्यामुळे येत नाही. त्यातल्या रूढ क्रँकशाफ्टच्या इंजिनांत प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरचे स्फोट समान अंतराने होत नाहीत, त्या अडखळत्या तालाचा तो आवाज आहे. एका रांगेतल्या चार सिलिंडरना तो ताल कुठल्याही पाइपाने येणार नाही. तेव्हा "तसा" आवाज डोक्यातून काढा आणि आपल्या इंजिनाचा जो आहे तो मोकळा करा. तो काही कमी चांगला नसतो.

मूळ १०० हर्ट्झबरोबर २००, ४००, ८०० असे वरचे स्वरही निघतात. कुठले बाहेर जाऊ द्यायचे आणि कुठले मारायचे हे मफलर आणि रेझोनेटर मिळून ठरवतात. तुमचा रेझोनेटर बहुधा वरचे, पत्र्यासारखे कर्कश स्वर मारतो. तो काढला की खर्ज तेवढाच राहतो आणि वर खरखर चढते.

दुसरा धोका घूंऽऽ चा. एका ठरावीक वेगाला पाइपातला स्वर आणि केबिनमधली हवा एकत्र घुमायला लागतात. रेस देताना मजा वाटते, पण हायवेवर एकाच वेगाने जाताना सहन होत नाही. यावर उपाय आहे: पाइपाला शेवट बंद असलेली एक फांदी जोडायची, जिची लांबी त्या स्वराच्या तरंगलांबीच्या पाव असते. परत येणारी लाट मूळ लाटेला खोडते. गरम वायूत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ४८० मीटर धरा. २५०० आरपीएमचा ८३ हर्ट्झ मारायला फांदी जवळजवळ १.४५ मीटर लागते. छोट्या हॅचबॅकच्या पोटाखाली तेवढी जागा काढणं अवघड आहे. म्हणून घूंऽऽ येऊच नये अशी मांडणी आधीच निवडलेली बरी.

काहीही बदलण्याआधी आवाज मोजून ठेवा. उभ्या गाडीची मोजणी करायची प्रमाणित पद्धत अशी आहे: माइक पाइपाच्या तोंडापासून अर्धा मीटर, तोंडाच्याच उंचीवर, पाइपाच्या रेषेशी ४५ अंशांत. ज्या इंजिनाची कमाल ताकद ५००० ते ७५०० आरपीएमच्या दरम्यान येते त्याला ३७५० वर धरून मोजतात. तुमचं इंजिन बहुधा यातच बसेल. फोनमधल्या ॲपचा आकडा खरा डेसिबल मानू नका, पण त्याच फोनने, त्याच जागी, बदलाआधी आणि बदलानंतर घेतलेल्या दोन आकड्यांतला फरक कामाचा असतो. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. तुमच्याकडची मर्यादा किती ते बघा आणि तिच्या बऱ्यापैकी आत राहा.

रात्रपाळी

मी रात्री काम करतो आणि दिवसा झोपतो, म्हणून दोन ओळी लिहितोच. वरचे स्वर खिडकी लावली की बरेच अडतात. खर्ज भिंतीतून येतो. आमच्या इमारतीतल्या एका गाडीचा रेझोनेटर काढलेला होता, तीन सिलिंडरची गाडी. ती सुरू झाली की माझ्या कपाटाची काच वाजायची. मालक भला माणूस, बोललो तर लगेच ऐकून घेतलं. पण त्याने रेझोनेटर परत बसवला तो स्वतःसाठी. वरच्या गिअरला २२०० च्या आसपास आत इतकं घुमायचं की शेजारच्या सीटशी बोलताना ओरडावं लागायचं, असं त्यानेच सांगितलं. सकाळी गाडी थंड असताना आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) आपोआप वर असतो, तेव्हा सगळ्यात जास्त आवाज होतो. त्या वेळी रेस न करता गाडी गल्लीबाहेर काढलीत तरी माझ्यासारख्यांवर उपकार होतील.

चारसिलिंडर

सगळ्यांचे मनापासून आभार. भोकं आणि कॅट, दोन्ही विषय संपले. आज बॉनेट उघडून बघितलं. फिल्टरच्या डब्याआधी सोंडेला एक रिकामा डबा खरंच आहे, दोन बोल्टवर. आधी तोच काढतो.

मागच्या डब्याबद्दल विचारायचं होतं. माझ्या गाडीत त्याआधी फ्लँज (बोल्टने उघडणारा जोड) नाही, पाइप सलग आहे. वेल्डिंगशिवाय बसवता येईल का? आणि बॅक प्रेशर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराला होणारा अडथळा, कमी झालं की पिकअप पडतो म्हणतात, ते कितपत खरं? आणि रात्रपाळी, सकाळचं लक्षात ठेवीन.

वेल्डिंगवाला

बॅक प्रेशर इंजिनाला कधीच नको असतं. पिकअप पडतो तो पाइप गरजेपेक्षा जाड टाकल्यामुळे. जाड पाइपात वायूचा वेग पडतो, आणि पुढे गेलेल्या धुराने मागच्याला ओढून न्यायचं काम खालच्या आरपीएमला नीट होत नाही. तुमच्या इंजिनाला मूळ पाइपाचा व्यास पुरेसा आहे. कॅलिपरने मोजा आणि मफलर त्याच व्यासाचा घ्या. अडीच इंची पाइप मोठ्या इंजिनांसाठी असतो. आणि ताकद वाढेल ही अपेक्षाही ठेवू नका, एकट्या मागच्या डब्याने जाणवण्यासारखं काही वाढत नाही.

वेल्डिंगशिवाय होतं. गाडी पूर्ण थंड होऊ द्या. सपाट जागा, चाकांना अडथळे, आणि जॅकवर उचलल्यावर दोन्ही बाजूंना जॅकस्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. घरात ग्राइंडर असला तरी तो वापरू नका, मागे पेट्रोलची टाकी जवळ असते आणि ठिणग्या लांब उडतात. हाताची करवत घ्या. पाइप सरळ असलेल्या जागी, डब्याच्या आधी एक वीतभर तुकडा डब्याकडे राहील असा कापा. तो तुकडा राहिला तर मूळ डबा पुढे कधीही त्याच जागी परत बसवता येतो, त्यामुळे तो टाकू नका.

कापल्यावर कड कानशीने साफ करा. बाहेरून बसणारी स्लीव्ह घ्या, दोन्ही बाजूंचे पाइप तिच्यात चांगले आत सरकले पाहिजेत. एक्झॉस्ट पेस्ट लावा आणि पट्टीचे रुंद क्लॅम्प घाला. यू-क्लॅम्पने पाइप चेपतो, मग पुढच्या वेळी निघता निघत नाही. मफलर रबरी हँगरवर लटकला पाहिजे, क्लॅम्पवर त्याचं वजन येता कामा नये. टाकी, ब्रेकची नळी आणि बंपरचं प्लास्टिक यांच्यापासून सगळीकडे किमान दोन बोटं जागा सोडा. पाइप तापल्यावर लांबीला वाढतो आणि इंजिन हलतं तसा तोही हलतो.

पेस्ट वाळली की गाडी मोकळ्या जागी थंडच सुरू करा, सांध्यावर साबणाचं पाणी लावा आणि दुसऱ्या कोणाला तरी पाइपाचं तोंड जाड फडक्याने क्षणभर अर्धवट झाकायला सांगा. बुडबुडे आले तर सांधा गळतोय.

पुढे कधी वेल्डरकडे जाऊन पक्कं करून घेतलंत तर बॅटरीची निगेटिव्ह काढायला सांगा आणि अर्थची पकड जोडाच्या अगदी जवळ लावू द्या, नाहीतर करंट भलत्या वाटेने ईसीयूपर्यंत (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत) जाऊ शकतो. घरी पडलेला जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा पाइप चालेल का असं लोक विचारतात. नाही चालणार. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा धूर होतो आणि करणारा माणूस तापाने आजारी पडतो.

नवीन जोडावर पहिल्यांदा गाडी नीट तापून परत थंड झाली की क्लॅम्प एकदा आवळून घ्या, पहिल्या तापण्यात ते थोडे सैल होतात. ग्लासवूलचा मफलर काही दिवसांनी थोडा मोकळा आवाज देऊ लागतो, म्हणून लहरींनी सांगितलेली दुसरी मोजणी लगेच न घेता महिनाभर गाडी चालवून घ्या. दोन्ही आकडे इथे टाका, मलाही बघायचे आहेत.