स्कॉटलंडच्या जनरल असेंब्लीत ठराव मंजूर झाला, म्हणजे नक्की काय झालं?

बोरू_आणि_टाक

चर्च ऑफ स्कॉटलंडवरच्या माझ्या एका मराठी टिपणात तारखा जुळत नाहीत. समलिंगी विवाह लावायची पाळकांना मुभा देण्याचा निर्णय मे २०२२ चा म्हणून छापून आला. पण त्याच विषयावर २०१८ आणि २०२१ च्याही ‘असेंब्लीने’, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेने, ‘मान्य केलं’ अशा बातम्या सापडतात. एकच गोष्ट तीनदा मान्य कशी होते? कोणती तारीख धरायची?

दुसरं, ‘बॅरियर अ‍ॅक्ट’ हा शब्द सारखा येतो. तो संसदेचा कायदा आहे की चर्चचा?

तिसरं आपल्याकडचं. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेचं नाव जुन्या कागदांत आधी ‘जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन’ आणि नंतर ‘फ्री जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन’ असं दिसतं. हे ‘फ्री’ म्हणजे मोफत शिक्षण, असं एका ठिकाणी वाचलं. पटलं नाही.

दप्तरखाना

तारीख २३ मे २०२२ हीच धरा. बाकीच्या दोन बातम्या खोट्या नाहीत, अर्धवट आहेत. २०१८ ला असेंब्लीने ३४५ विरुद्ध १७० मतांनी आपल्या कायदेविषयक समितीला फक्त मसुदा करायला सांगितलं. २०२१ ला तो मसुदा ‘ओव्हर्चर’ (प्रस्तावित कायदा) म्हणून स्वीकारून प्रेस्बिटेरींकडे, म्हणजे चर्चच्या विभागीय सभांकडे, पाठवला. २०२२ ला प्रेस्बिटेरींची उत्तरं समोर ठेवून २७४ विरुद्ध १३६ मतांनी त्याचा कायदा केला. वार्ताहराला तिन्ही वेळा मतदान दिसतं, म्हणून तिन्ही वेळा ‘ऐतिहासिक निर्णय’.

बॅरियर अ‍ॅक्ट चर्चचाच आहे, १६९७ च्या असेंब्लीने केलेला. शिकवण, उपासना, शिस्त आणि कारभार या चारांपैकी कशातही सर्व चर्चला कायम बांधणारा बदल करायचा, तर एकाच असेंब्लीत तो उरकता येत नाही. नावाप्रमाणेच तो अडसर आहे. एडिंबरात मे महिन्यात आठवडाभर जमलेल्या लोकांनी भाषणांच्या भरात काही करून बसू नये, एवढाच हेतू.

क्रम असा चालतो. मसुदा असेंब्लीपुढे येतो आणि साध्या बहुमताने ओव्हर्चर म्हणून मान्य होतो. मग तो प्रत्येक प्रेस्बिटेरीकडे जातो, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांचे पाळक आणि वडीलजन (एल्डर) जिथे एकत्र बसतात त्या सभेकडे. तिने होय किंवा नाही एवढंच म्हणायचं. मसुद्यातला स्वल्पविरामही हलवता येत नाही. शेरा लिहून पाठवता येतो, पण तो मतात धरत नाहीत. उत्तरं सहसा डिसेंबरअखेर प्रिन्सिपल क्लार्ककडे, म्हणजे असेंब्लीच्या मुख्य सचिवाकडे, पोचायची असतात. पुढच्या मे महिन्यात मोजणी असेंब्लीपुढे येते. बहुसंख्य प्रेस्बिटेरी ‘नाही’ म्हणाल्या असतील तर विषय तिथेच मिटला, असेंब्लीला कायदा करता येत नाही. बहुसंख्य ‘होय’ म्हणाल्या असतील तर असेंब्ली कायदा करू शकते. ‘करू शकते’ हे शब्द महत्त्वाचे. मूळ कायद्यात सक्ती नाही. प्रेस्बिटेरींचा होकार आल्यावरही नवी असेंब्ली मागे फिरू शकते. सदस्य दरवर्षी बदलतात, त्यामुळे ही शक्यता कागदापुरती नाही.

मराठीत हमखास होणारी चूक मोजणीची. २०२२ च्या वेळी २९ प्रेस्बिटेरी बाजूने आणि १२ विरुद्ध होत्या. ही माणसांची मतं नव्हेत. ग्लासगोची भली मोठी प्रेस्बिटेरी आणि ऑर्कनी बेटांची चिमुकली, दोघींचं वजन तेव्हा एकेकच होतं. आतली माणशी मतं अहवालात छापतात आणि वादात हत्यार म्हणून वापरतातही, पण निकाल त्यांच्यावर लागत नाही.

तिसरं_बाकडं

वरच्याला एक जोड. असेंब्लीतलं मताधिक्य आणि प्रेस्बिटेरींचं मताधिक्य यांत केवढी तफावत असते हे पाहायचं तर २०१५ आणि २०१६ घ्या. समलिंगी नागरी भागीदारीत (विवाहाऐवजी कायद्याने नोंदवलेल्या नात्यात) असलेल्या व्यक्तीला मंडळीने पाळक म्हणून बोलवायची मुभा: प्रेस्बिटेरी ३१ विरुद्ध १४, मग असेंब्ली ३०९ विरुद्ध १८२. पुढच्या वर्षी तीच मुभा समलिंगी विवाह केलेल्यांना: प्रेस्बिटेरी २६ विरुद्ध १९, असेंब्ली ३३९ विरुद्ध २१५. असेंब्लीत १२४ मतांची आघाडी दिसते, पण चार प्रेस्बिटेरी पलीकडे गेल्या असत्या तर २२ विरुद्ध २३ होऊन विषय असेंब्लीपर्यंत निर्णयाला आलाच नसता. बातमीत शेवटचाच आकडा येतो. खरी लढाई आदल्या हिवाळ्यात प्रेस्बिटेरींच्या सभांत झालेली असते.

आणि २००९ चं प्रकरण या रांगेत बसवू नका. अ‍ॅबर्डीनच्या क्वीन्स क्रॉस मंडळीने बोलावलेल्या समलिंगी पाळकाच्या नेमणुकीविरुद्धचं अपील असेंब्लीपुढे आलं आणि ३२६ विरुद्ध २६७ मतांनी नेमणूक कायम झाली. तिथे असेंब्ली कायदेमंडळ म्हणून नव्हे, वरचं न्यायालय म्हणून बसली होती. निवाडा त्या एका प्रकरणापुरता, म्हणून बॅरियर अ‍ॅक्टचा संबंधच नाही. एकाच सभागृहात तीच माणसं सकाळी कायदा करतात आणि दुपारी निवाडा देतात. आपण कोणत्या भूमिकेतलं मतदान वाचतोय ते आधी पाहावं.

टिपणासाठी आणखी एक. ठरावाच्या मसुद्याला तिकडे ‘डेलिव्हरन्स’ म्हणतात, आणि त्यातलं प्रत्येक कलम एका क्रियापदाने सुरू होतं. सगळं त्या क्रियापदात असतं. अहवाल ‘स्वीकारला’ म्हणजे तो हातात घेतला, इतकंच. त्यातल्या मतांना मान्यता नाही. ‘नोंद घेतली’ हे त्याहून पातळ. ‘आवाहन केलं’ हे सरकारला किंवा मंडळ्यांना उद्देशून असतं, कोणाला बांधत नाही. ‘आदेश दिला’ असेल तर समितीला पुढच्या वर्षी उत्तर द्यावंच लागतं. मराठी बातमीत या चारही ठिकाणी ‘मंजूर’ येतं आणि नुसता स्वीकारलेला अहवाल चर्चचं अधिकृत धोरण होऊन बसतो.

बोरू_आणि_टाक

म्हणजे माझ्या टिपणात किमान दोन ‘मंजूर’ चुकीचे आहेत. असेंब्लीत हरलेल्या बाजूचं काय होतं? निर्णय मान्य नसेल तर पाळकाने राजीनामा द्यायचा का?

तिसरं_बाकडं

नाही. ‘डिसेंट’, म्हणजे असहमती, नोंदवायचा. निकाल जाहीर होताच, तिथल्या तिथे, सभेत हजर असलेल्या सदस्यानेच. घरी जाऊन विचार करून नोंदवलेला चालत नाही. कारणं लेखी देता येतात. डिसेंटने निर्णय थांबत नाही, पण त्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही आणि निर्णयाशी असहमत आहात म्हणून कोणी बोट दाखवू शकत नाही. शिवाय २०२२ च्या कायद्यात सक्ती कोणावरच नाही. ज्या पाळकाला असे विवाह लावायचे आहेत त्याने स्वतः अर्ज करायचा, मग चर्च त्याचं नाव नोंदणीसाठी पुढे पाठवतं. बाकीच्यांनी काहीच करायचं नाही.

आंब्रोलीची_वाट

‘फ्री’चा मोफतशी काडीचा संबंध नाही. ती १८४३ ची फूट आहे, आणि तिचा उगम असेंब्लीच्याच एका कायद्यात आहे.

त्या काळी मंडळीचा पाळक कोण, हे बऱ्याच ठिकाणी ‘पेट्रन’ ठरवायचा, म्हणजे बहुधा तिथला जमीनदार किंवा सरकार. १७१२ च्या संसदेच्या कायद्याने त्याला तो हक्क दिलेला होता. १८३४ च्या असेंब्लीने व्हेटो अ‍ॅक्ट आणला: प्रभुभोजनात सहभागी होणाऱ्या कुटुंबप्रमुख पुरुषांपैकी बहुसंख्यांनी नकार दिला तर पेट्रनचा माणूस नेमायचा नाही, कारणही विचारायचं नाही. दप्तरखान्यांनी सांगितलेली पायरी इथे चुकलेली नाही. ओव्हर्चर प्रेस्बिटेरींकडे गेला, बहुमत मिळालं, १८३५ ला तो कायम झाला. चर्चच्या आतलं सगळं रीतसर.

घोळ बाहेर झाला. ऑक्टरार्डर गावात पेट्रनने पाठवलेल्या उमेदवाराला ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८० हून अधिकांनी नाकारलं. उमेदवार आणि पेट्रन कोर्टात गेले. १८३८ ला कोर्ट ऑफ सेशनने (स्कॉटलंडचं वरिष्ठ दिवाणी कोर्ट) आणि १८३९ ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं शेवटच्या अपिलाचं कोर्ट) निकाल दिला, की संसदेने दिलेला हक्क चर्चच्या सभेला काढून घेता येत नाही. अंतर्गत पद्धत कितीही चोख असली तरी जो अधिकार आपला नाहीच त्यावर ठराव करून भागत नाही, हे तिथे उघडं पडलं. १८ मे १८४३ ला मावळते मॉडरेटर (असेंब्लीचे अध्यक्ष) डेव्हिड वेल्श यांनी निषेधपत्र वाचून टेबलावर ठेवलं आणि ते सेंट अँड्र्यूज चर्चमधून बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग गेलेल्यांनी कॅननमिल्सच्या टॅनफिल्ड हॉलमध्ये फ्री चर्चची पहिली असेंब्ली भरवली आणि थॉमस चामर्स यांना मॉडरेटर निवडलं. साडेचारशेंहून अधिक पाळकांनी घर, पगार आणि चर्चची इमारत सोडली.

भारतातले स्कॉटिश मिशनरी फ्री चर्चबरोबर गेले. मुंबईत विल्सन आणि नेस्बिट, पुण्यात मिचेल, कलकत्त्यात डफ. माणसं आणि विद्यार्थी फ्री चर्चकडे, इमारती मात्र जुन्या चर्चकडे राहिल्या, आणि विल्सन यांच्या मुंबईतल्या आंब्रोलीच्या शाळेला भाड्याच्या जागेत नव्याने मांडणी करावी लागली. ते नवं नाव म्हणजे ‘फ्री चर्चच्या जनरल असेंब्लीची संस्था’. त्यातूनच पुढे चौपाटीचं विल्सन कॉलेज आलं. विल्सन स्वतः १८७० ला फ्री चर्चच्या असेंब्लीचे मॉडरेटर होते. ‘चर्च ऑफ स्कॉटलंडचे मॉडरेटर’ असं कुठे दिसलं तर खोडा.

कागद शोधताना हे फार उपयोगी पडतं. १८४३ पर्यंतची मुंबई-पुण्याची पत्रं चर्च ऑफ स्कॉटलंडच्या अहवालांत पाहा. तिथून १९०० पर्यंत फ्री चर्चच्या, १९०० ते १९२९ युनायटेड फ्री चर्चच्या, आणि १९२९ च्या विलीनीकरणानंतर पुन्हा चर्च ऑफ स्कॉटलंडच्या. १८६० च्या सुमाराचा जालन्याचा किंवा पुण्याचा अहवाल चर्च ऑफ स्कॉटलंडच्या खंडात शोधत बसलात तर काहीच मिळणार नाही, आणि मिशन बंद पडलं असा भलता निष्कर्ष निघेल.

दप्तरखाना

आंब्रोलीच्या वाटेने १९०० चा उल्लेख केलाच आहे तर त्याची शेपूटही घ्या, कारण चर्चचं आजचं संविधान तिथूनच येतं. त्या वर्षी फ्री चर्चच्या असेंब्लीने प्रचंड बहुमताने युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चशी विलीन व्हायचं ठरवलं. मूठभर लोक नको म्हणाले आणि कोर्टात गेले. १९०४ ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने फ्री चर्चची सगळी मालमत्ता त्या मूठभरांना देऊन टाकली. तर्क असा, की मालमत्ता विशिष्ट तत्त्वांसाठी विश्वस्त म्हणून दिलेली आहे, ती तत्त्वं बदलण्याचा अधिकार असेंब्लीने आपल्या घटनेत राखून ठेवलेला नाही, म्हणून बहुमताला किंमत नाही. इतक्या इमारती ते अल्पसंख्य चालवणार कसे, हा प्रश्न लगेच उभा राहिला आणि १९०५ ला संसदेला वाटणीसाठी वेगळा कायदा करावा लागला.

म्हणून चर्च ऑफ स्कॉटलंडविषयीच्या संसदेच्या १९२१ च्या कायद्याला जोडलेल्या घोषणापत्रात बदल करण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलाय आणि वाटही अवघड ठेवलीय: साधं बहुमत पुरत नाही, लागोपाठ दोन वर्षं दोन तृतीयांश प्रेस्बिटेरींचा होकार लागतो. पहिल्या कलमाला, जे त्रैक्य आणि येशू ख्रिस्तावरील श्रद्धेबद्दल आहे, धक्का लागेल असा बदल तर करताच येत नाही. धार्मिक बाबतीत दिवाणी कोर्टाने पडायचं नाही, हेही त्यातच. मात्र ‘धार्मिक’ची हद्द कोर्ट पाहतं. २००५ ला एका सहायक पाळक महिलेचा लिंगभेदाचा दावा हाऊस ऑफ लॉर्ड्सने दिवाणी ठरवला आणि चर्चची ढाल चालली नाही.

बोरू_आणि_टाक

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो. २०२२ चा निर्णय महाराष्ट्रातल्या स्कॉटिश मिशनच्या मंडळ्यांना लागू होतो का? आणि असेंब्लीत राजा बसतो, त्याच्या सहीची गरज लागते का?

आंब्रोलीची_वाट

लागू होत नाही. त्या मंडळ्या १९२४ च्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामार्फत २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. त्यांची सर्वोच्च सभा सिनॉड, ती दर तीन वर्षांनी भरते. एडिंबराशी नातं आहे, हुकूम नाही. भाषांतरात एवढं सांभाळा, की इकडे सिनॉड सर्वांत वरची आणि स्कॉटलंडमध्ये सिनॉड ही प्रेस्बिटेरी आणि असेंब्लीच्या मधली पायरी होती, जी आता नाही. दोन्हींना ‘महासभा’ लिहिलंत तर गोंधळ होईल.

दप्तरखाना

राजाची सही लागत नाही. तो किंवा त्याचा प्रतिनिधी, म्हणजे लॉर्ड हाय कमिशनर, वरच्या सज्जात बसतो, आणि तो सज्जा नियमाप्रमाणे सभागृहाच्या बाहेर धरतात. भाषण करतो, मत देत नाही. इंग्लंडच्या चर्चचा तो सुप्रीम गव्हर्नर आहे, स्कॉटलंडच्या चर्चचा नाही. टिपणात ‘चर्चचे प्रमुख राजे चार्ल्स’ असं असेल तर ते वाक्य आजच काढा.