पणजोबांची उंची 5 फूट 3 इंच, तरी पलटणीत कसं घेतलं?

प्रश्न
पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांचं डिस्चार्ज सर्टिफिकेट सापडलं. 110वी मराठा, भरती 1914, सुटका 1919. उंची 5 फूट 3 इंच. छातीपुढे 31 आणि 33 असे दोन आकडे. पणजोबा दारातून वाकून आत यायचे हे ऐकत आम्ही मोठे झालो, आणि कागदावर बघतो तर माझ्या बायकोएवढी उंची! कारकुनाची चूक, की लढाईच्या घाईत कुणालाही घ्यायचे?

प्रतिसाद 1
चूकच. मराठा पलटणीत सहा फुटांच्या आतला माणूस रांगेतूनच परत पाठवायचे.

प्रतिसाद 2
कुणी सांगितलं? बेळगावात भरतीच्या मेडिकलला मी अकरा वर्षं टेप धरलाय. 1914 च्या ऑगस्टमध्ये खुद्द गोऱ्या फौजेची किमान उंची 5 फूट 3 इंचच होती. पोरांची झुंबड उडाली म्हणून सप्टेंबरात 5 फूट 6 केली, मग पुन्हा खाली आणली. त्याच वर्षाअखेरीस इंग्लंडात बर्कनहेडला 5 ते 5 फूट 3 इंचवाल्यांच्या वेगळ्या 'बँटम' पलटणी उभ्या राहिल्या. गुरख्यांचं तर बोलायलाच नको.

दोन आकडे म्हणजे एक साधी छाती, एक फुगवलेली. फुगवून किती वाढते हे आजही बघतात, 5 सेंटीमीटर लागतात. सहा फुटी पोरगा छाती फुगवताना खांदे वर करतो आणि टेप तिथल्या तिथेच राहतो, हे मी शेकड्यांनी पाहिलंय. दोन इंच म्हणजे उत्तम. मग आडवं झोपवून डाव्या फासळीखाली बोटं रुतवायची, पानथरी (प्लीहा) हाताला लागली की हिवतापाचा गडी, बाजूला व्हा. उंचीवर एवढा जीव कुणी टाकत नसे.

भरतीच्या वेळचं वय काय लिहिलंय?

प्रश्नकर्ता
18, काका. गाव माणदेशात.

प्रतिसाद 2
मग कोडं सुटलं की! जन्म 1896 चा धरा. 1896-97 चा दुष्काळ अंगावर, आणि तीन वर्षांचे होतात तोच 1899-1900 चा. हाड वाढायच्या वयात पोटात काही नाही, पुढे कितीही भाकरी खाल्ली तरी गेलेले इंच परत येत नाहीत. त्या वर्षांतली दख्खनची निम्मी पोरं अशीच खुंटली असतील, असं माझं आपलं मत.

आणि 110वी इराकातल्या कूटमध्ये अडकली होती, हे घरात माहीत आहे ना? डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, तुर्कांच्या वेढ्यात. गोरे घोड्याचं मांस खाऊन होते. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते शेवटच्या आठवड्यांपर्यंत टाळलं, मग हिरड्या सुजल्या, स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) झाला. उलट मैद्याच्या पावाने गोऱ्यांना बेरीबेरी (ब1 जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) झाला, आपले आट्यावर होते म्हणून त्यातून वाचले. नंतर कैद. पुष्कळांना सीरियातल्या रास अल ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं. पणजोबा वेढ्यात असतील आणि तिथून 1919 ला परतले असतील, तर उंची काय घेऊन बसलात?

प्रतिसाद 3
माप हे निमित्त हो. 1892-93 च्या सुमारास महारांची भरती बंद केली, म्हणे लढाऊ जात नाही. 1917 ला माणसं कमी पडली तेव्हा 111वी महार उभी राहिली, 1921 ला मोडली. मधल्या काळात छाती वाढली आणि पुन्हा आक्रसली काय?

प्रश्नकर्ता
काका, कूटचं माहीत नव्हतं. आत्या एवढंच म्हणायची की ते दात नसल्यामुळे भाकरी दुधात कुस्करून खायचे, अगदी तरुणपणापासून.

आणि काल गावी जाऊन जुन्या घराची चौकट मोजली. 4 फूट 10 इंच.