मदत हवी आहे: संगणकावरून सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्राला जी-कोडचा (यंत्राच्या हालचालींच्या आज्ञांचा) मोठा प्रोग्राम पाठवताना ओव्हररन

उत्पादन शाखेच्या विद्यार्थ्यांना छिद्रांच्या पत्त्यांवर चालणाऱ्या जॅकार्डच्या मागापासून १९५२ साली एमआयटीत दाखवलेल्या, पंचटेपवर चालणाऱ्या मिलिंग यंत्रापर्यंतचा आणि पुढे सीएनसीपर्यंतचा प्रवास प्रात्यक्षिकातून दाखवायचा आहे. टेपवरची पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) आजही केबलमध्ये आहे, हे त्यांना दिसायलाच हवं.

आरएस-२३२ (एकेक बिट पाठवणारी सिरीयल जोडणी) सेटिंग संगणक आणि यंत्र दोन्हीकडे सारखं: ९६०० बॉड, ७ डेटा बिट, सम पॅरिटी, २ स्टॉप बिट. छोटा प्रोग्राम नीट जातो; मोठा मध्येच ओव्हररनचा अलार्म देऊन थांबतो. पॅरिटी चुकली असती तर सुरुवातीलाच अडलं असतं, म्हणजे यंत्राचा बफर (तात्पुरती साठवण) भरूनही संगणक थांबत नाही.

एक्सऑन-एक्सऑफ (डेटाच्याच तारेवरून 'थांब' आणि 'पाठव' सांगणारे संकेत) चालू आहे, केबल तीन तारांची. यूएसबी कन्व्हर्टरच्या बफरमुळे थांबण्याचा संकेत उशिरा पाळला जातो का? त्याचा फिफो (रांगेतला बफर) कमी करावा, की आरटीएस-सीटीएसच्या (थांबण्याचा संकेत वेगळा देणाऱ्या) तारा जोडाव्यात? कुणी दोन्ही करून पाहिलंय का?