नौरूची राजधानी नक्की कोणती? आणि एवढ्याशा देशाचं सरकार चालतं कसं?

भूगोलाच्या_बाई

नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. परवा वर्गात एका मुलाने नकाशातल्या पॅसिफिकमधल्या एका टिंबावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाई, नौरूची राजधानी कोणती?" शाळेतल्या जुन्या अ‍ॅटलासमध्ये "यारेन" छापलंय. दुसऱ्या एका पुस्तकात म्हटलंय की या देशाला अधिकृत राजधानीच नाही. मुलांना काय सांगू?

दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. बारा हजारांच्या आसपास लोकसंख्या. आमच्या नगरपालिकेचे मतदार याहून जास्त आहेत. एवढ्या माणसांत राष्ट्राध्यक्ष, मंत्रिमंडळ, संसद, न्यायालय हे सगळं बसवतात कसं? गूगल करून झालंय, त्यामुळे लिंका नकोत. कुणी तिकडे गेलेलं असेल तर सांगा.

चौकस_चंदू

राजधानी नाही हेच बरोबर. देश २१ चौरस किलोमीटरचा, १४ जिल्ह्यांत विभागलेला. शहर असं एकही नाही, त्यामुळे राजधानी जाहीर करायची गरज पडली नाही. संसद, सरकारी कचेऱ्या आणि विमानतळ यारेन जिल्ह्यात आहेत, म्हणून अ‍ॅटलासवाले तिथे ठिपका देतात. मुलांना "राजधानी नाही, सरकार यारेनमध्ये बसतं" असं सांगा, गुण कापले जाणार नाहीत. :)

दर्यावर्दी_काका

बाई, मी गेलेलो आहे. ऐंशीच्या दशकात बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, सेकंड ऑफिसर होतो आणि आमची बोट नौरूहून फॉस्फेट, म्हणजे खताचा खडक, भरून ऑस्ट्रेलियाला न्यायची. जमिनीवर थोडाच वेळ मिळायचा, पण समोर तरंगत मात्र भरपूर दिवस काढलेत. का तरंगत, ते सांगतो, कारण भूगोल तिथूनच सुरू होतो.

नौरू विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम एक अंशाच्या आत आहे. शेजारी म्हणावं तर किरिबातीचं बनाबा बेट, तेही पूर्वेला तीनशे किलोमीटरवर. समुद्रातून वर आलेल्या एका डोंगराचा हा माथा. भोवती प्रवाळाचा कट्टा आणि कट्टा संपला की तळ एकदम खाली जातो. नांगर टाकावा तर साखळी पुरत नाही. बंदर म्हणून आडोसा नव्हताच. खोल पाण्यात बॉये, म्हणजे मोठी तरंगती पिंपं, बांधून ठेवलेले, त्यांना बोट सगळीकडून दोरांनी अडकवायची, आणि किनाऱ्यावरून कँटिलिव्हरचे, म्हणजे अधांतरी पुढे आलेले, दोन अजस्र हात कट्ट्यावरून आमच्या होल्डवर, बोटीच्या पोटातल्या कोठारावर, यायचे. त्यांच्या तोंडातून फॉस्फेट धो धो पडायचं. हॅचवर, डेकवर, भुवयांवर, चहाच्या कपात, सगळीकडे ती बारीक पिवळट पूड. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पश्चिमेचा वारा उठला की दोर सोडायचे आणि इंजिन तयार ठेवून बेटासमोर वाहत राहायचं. समोर अख्खा देश एका नजरेत मावतोय आणि आपण तिथे उतरू शकत नाही!

उतरलो की बेटाचे दोन मजले कळायचे. कडेने हिरवी पट्टी, त्यावर माड, घरं, शाळा, चर्च आणि बेटाला वळसा घालणारा एकच रस्ता, १९ किलोमीटरच्या आसपास. गाडीने अर्ध्या तासात जिथून निघालात तिथेच परत. धावपट्टीही याच पट्टीत कोंबलेली, त्यामुळे विमान आलं की रस्त्यावरची वाहनं थांबवतात. ही पट्टी म्हणजे 'बॉटमसाइड'. आणि मधलं पठार म्हणजे 'टॉपसाइड'. तिथे प्रवाळखडकाचे सुळके, काही तर दोन-तीन मजली घराएवढे उंच, आणि त्यांच्यामधलं सगळं फॉस्फेट खरवडून नेलेलं. माती नाही, सावली नाही. एक बुआडाचं तळं सोडलं तर आतल्या भागात राहण्याजोगं फारसं काही उरलेलं नाही. देशाचे पाचातले चार हिस्से हे असे.

नदी नाही. प्यायला पावसाचं पाणी, आणि पूर्वी फॉस्फेट न्यायला येणाऱ्या बोटी बॅलास्ट म्हणून, म्हणजे रिकामी बोट स्थिर ठेवायचं वजन म्हणून, गोडं पाणी आणायच्या. आता समुद्राचं पाणी गोडं करतात.

आता माणसं. फुरसतीत माणूस भेटला की सरकारपेक्षा आधी जमिनीवर बोलायचा. मूळ बारा कुळं, कूळ आईकडून मिळतं. झेंड्यावरच्या पांढऱ्या ताऱ्याला बारा टोकं त्यासाठीच. पिवळी रेघ विषुववृत्ताची आणि तारा त्या रेघेच्या किंचित खाली, म्हणजे झेंडाच नकाशा. बाई, हा वर्गात फळ्यावर काढून दाखवा, मुलं विसरणार नाहीत. सगळी जमीन नौरूवासी कुटुंबांच्या मालकीची, परक्याला विकता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाटे पडत गेलेले. आपल्याकडच्या एखाद्या सातबाऱ्यावर पंचवीस नावं असतात ना, तसा अख्खा देश. कुणाचा हिस्सा किती, हे ठरवायला तिथे जमीन समिती आहे, आणि माझ्या मते त्या देशात मंत्र्यापेक्षा त्या समितीचा निर्णय जास्त झोंबतो. कारण फॉस्फेटची रॉयल्टी त्या हिश्शावर मिळायची.

खाणीत राबणारी बहुतेक माणसं नौरूची नव्हतीच. किरिबाती, तुवालू, चीन इथून आणलेली. त्यांची चाळवजा वस्ती डेनिगोमोडू जिल्ह्यात, नाव नुसतं 'लोकेशन'. आमचे दोर पकडायला छोट्या होडीतून येणारे पोरगे किरिबातीचे. लाटेवर होडी माडाएवढी खालीवर होत असताना एका हाताने दोर झेलून दुसऱ्या हाताने विडी सांभाळणारा एक इसम मी पाहिलाय. असा खलाशी पुन्हा पाहिला नाही.

संध्याकाळी तिथले बाप्ये लांब दांड्याची जाळी घेऊन टॉपसाइडला जायचे, काळे नॉडी पक्षी पकडायला. भाजून खातात. मला एकाने चाखायला दिला. मासा आणि कोंबडी यांच्या मधली चव, मला काही झेपली नाही.

सरकारबद्दल नंतर लिहितो, जेवण व्हायचंय.

चौकस_चंदू

काका, मस्त. पण हेच ना ते लोक, ज्यांनी सगळा पैसा उधळला? विमान कंपनी काय, मेलबर्नला गगनचुंबी इमारत काय, लंडनमध्ये नाटकात पैसे घालून ते आपटलं काय!

दर्यावर्दी_काका

चंदू, हे सगळे सांगतात. अर्धी गोष्ट सांगतात, म्हणून मला चीड येते.

१८८८ मध्ये जर्मनीने बेट घेतलं. १९०० च्या सुमारास आल्बर्ट एलिस नावाच्या माणसाला सिडनीच्या कचेरीत दाराला अडणी म्हणून ठेवलेला एक दगड दिसला, तपासला तर उत्तम प्रतीचं फॉस्फेट. काही वर्षांत खोदकाम सुरू. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून फॉस्फेट आयोग नेमला आणि आपापल्या शेतांना स्वस्त खत नेलं. जमिनीच्या मालकांना मिळत होते चिल्लर पैसे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी १२०० नौरूवासींना पॅसिफिकमधल्याच ट्रुक बेटांवर नेलं. १९४६ च्या ३१ जानेवारीला परतले ७३७. म्हणून स्वातंत्र्यदिन मुद्दाम तोच निवडला, ३१ जानेवारी १९६८. पहिले राष्ट्राध्यक्ष हॅमर डिरॉबर्ट हे स्वतः ट्रुकहून परतलेल्यांपैकी. साठच्या दशकात ऑस्ट्रेलियाने सांगून पाहिलं की बेट संपतंय, क्वीन्सलंडजवळच्या कर्टिस बेटावर राहायला या. नौरूवाले म्हणाले, तिथे आमचं राज्य असेल का? नसेल, तर नको.

म्हणजे नौरूच्या हाती खाण आली १९७० मध्ये, तीही यंत्रसामग्रीचे पैसे मोजून. सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्न जगातल्या वरच्या देशांत, प्राप्तिकर नाही, हे खरं. मेलबर्नची ५२ मजली इमारतही खरी, कर्जापायी २००४ च्या सुमारास विकली. २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय विमान कंपनीचं शेवटचं विमान सावकाराने नेलं. सल्लागार म्हणून आलेल्यांनी हात धुऊन घेतले आणि घरच्यांनी डोळे मिटले, दोन्ही झालं. पण बेट उजाड करायला सुरुवात कुणी केली, हा प्रश्न त्यांनी आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलाच. १९८९ मध्ये दावा, १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने तडजोड केली: १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, त्यातले जवळजवळ निम्मे वीस वर्षांच्या हप्त्यांनी. दाव्याआधी नौरूने नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते श्रीलंकेचे विधिज्ञ वीरमंत्री.

खतवाला_फोंडा

इथे एक भारतीय धागा आहे. मी अख्खी हयात खतांच्या विक्रीत काढली. ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स ही कंपनी १९८१ मध्ये भारत सरकार आणि नौरू सरकार यांनी भागीदारीत काढली होती! खडक त्यांचा, बाजार आपला, असा हिशेब. १९९३ मध्ये नौरू बाहेर पडलं. पुढे २००२ मध्ये सरकारने मोठा हिस्सा विकला तो झुआरी आणि मोरोक्कोच्या कंपनीच्या जोडगोळीला. झुआरी म्हणजे आमच्या गोव्याचीच. डीएपीचं पोतं खांद्यावर टाकणाऱ्या शेतकऱ्याला पॅसिफिकमधल्या देशाचं नाव कशाला माहीत असणार! डीलरांनाही नव्हतं.

भूगोलाच्या_बाई

काका, खतवाले दादा, किती सुंदर माहिती! झेंडा उद्याच फळ्यावर. पण सरकार राहिलं. मतदानाची काहीतरी अपूर्णांकांची पद्धत आहे असं वाचलं, ते डोक्यावरून गेलं.

अपूर्णांक

ते माझ्यावर सोडा. डाउडॉल पद्धत, १९७१ पासून. तिथल्या न्यायसचिवाने बसवली म्हणून त्याचं नाव. मतदार सगळ्या उमेदवारांना क्रम देतो. पहिल्या पसंतीला १ गुण, दुसरीला १/२, तिसरीला १/३, चौथीला १/४, असं पुढे. बेरीज करून वरचे निवडून येतात.

समजा दोन जागा, तीन उमेदवार, १०० मतदार. ४० जणांनी क्रम दिला अ-ब-क, ३५ जणांनी क-ब-अ, २५ जणांनी ब-अ-क.

अ: ४० + १२.५ + ११.६६७ = ६४.१६७
ब: २५ + २० + १७.५ = ६२.५
क: ३५ + १३.३३३ + ८.३३३ = ५६.६६७

अ आणि ब निवडून आले. पहिल्या पसंतीची मतं क ला ब पेक्षा दहा जास्त, तरी तो पडला, कारण उरलेल्या ६५ जणांनी त्याला शेवटी टाकलं. म्हणजे आपले कट्टर समर्थक असून भागत नाही, दुसऱ्याच्या घरातही दुसरा नंबर मिळवावा लागतो. तिथे निकाल खरोखरच दशांश चिन्हानंतर तीन घरांपर्यंत लागतात. मतदान सक्तीचं, वयाची अट २० वर्षं.

दर्यावर्दी_काका

वा! आता उरलेलं मी सांगतो.

आठ मतदारसंघ, १९ खासदार. निवडणूक साधारण दर तीन वर्षांनी. खासदार आपल्यातूनच राष्ट्राध्यक्ष निवडतात, आणि तोच राष्ट्रप्रमुख, तोच सरकारप्रमुख. तो पाच-सहा जणांचं मंत्रिमंडळ करतो. पक्ष नावालाच. उभा राहणारा बहुधा अपक्ष, आणि मतदारांत निम्मे त्याचे कुठून ना कुठून नातेवाईक. त्यामुळे दोन माणसांचं मन फिरलं की सरकार पडतं. १९८९ ते २००३ या काळात सतराएक वेळा सत्ता बदलली. आधी खासदार १८ होते. २०१० मध्ये नऊ विरुद्ध नऊ अशी कोंडी झाली. सभापती व्हायला कुणी तयार नाही, कारण खुर्चीत बसला की आपल्या बाजूचं एक मत गेलं. त्या वर्षी दोनदा निवडणूक घेतली आणि तिढा सुटायला नोव्हेंबर उजाडला. नंतर एक जागा वाढवून १९ केली. हे गणित आधीच का सुचलं नसेल, देव जाणे.

सैन्य नाही. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. २०१८ पर्यंत काही अपिलं थेट ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयात जायची, आता त्यांचं स्वतःचं अपील न्यायालय आहे. मार्कस स्टीफन हे राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्णपदकं मिळवलेले वजन उचलणारे खेळाडू २००७ ते २०११ राष्ट्राध्यक्ष होते. ऑक्टोबर २०२३ पासून डेव्हिड अडियांग.

पण खरा प्रश्न आहे, खडक संपल्यावर सरकार विकतं काय? मासेमारीचे दिवस विकतं. टूना पकडणाऱ्या परदेशी बोटी त्यांच्या हद्दीत जाळं टाकायला दिवसावर पैसे भरतात, आणि यासाठी आजूबाजूच्या देशांनी १९८२ मध्ये केलेल्या कराराचं नावच नौरू करार. दुसरं, २००१ पासून ऑस्ट्रेलियाने समुद्रातून आश्रय मागत येणाऱ्यांना नौरूवर ठेवायला सुरुवात केली, मध्ये बंद, २०१२ पासून पुन्हा. त्यातून मोठी रक्कम येते. त्या छावण्यांत माणसांचे जे हाल झाले ते वाचवत नाहीत, आणि ट्रुकहून परतलेल्यांच्या नातवंडांनी हे पैसे घ्यावेत हे मला पटत नाही. पण पगार कुठून द्यायचे, हेही मला सांगता येत नाही. तिसरं, मान्यता, म्हणजे चीन आणि तैवान यांतल्या कुणाला देश मानायचं ते. १९८० मध्ये तैवान, २००२ मध्ये चीन, २००५ मध्ये परत तैवान, जानेवारी २०२४ मध्ये परत चीन. संयुक्त राष्ट्रांत त्यांचं मत एकच, पण ते आपल्या मताएवढंच मोजलं जातं ना! आणि आता चौथं, नागरिकत्व: २०२५ च्या सुरुवातीला १ लाख ५ हजार अमेरिकी डॉलरपासून पुढे. त्या पैशातून किनारपट्टीची वस्ती टॉपसाइडला हलवायची योजना आहे, कारण समुद्र चढतोय. म्हणजे खोदून टाकलेल्या सुळक्यांवर माती आणून घरं बांधायची.

चौकस_चंदू

काका, चीड समजली. नाटकाचं वाक्य मागे घेत नाही, पण गप्प बसतो.

भूगोलाच्या_बाई

खूप आभार सगळ्यांचे. चाचणीत "नौरूची राजधानी" हा प्रश्न मी घेत नाही, त्याऐवजी अपूर्णांकसरांचं अ-ब-कचं उदाहरण गणिताच्या बाईंना देते. काका, बोट बॉयांना बांधलेली कशी दिसायची, त्याचं साधं रेखाचित्र काढून इथे टाकाल का? मुलांना "नांगर पुरत नाही" हे नुसतं बोलून कळणार नाही.

दर्यावर्दी_काका

काढतो. रविवारपर्यंत द्या, नातवाकडून स्कॅन करून घ्यायला लागेल.