मदत हवी आहे: डिझेल फोर बाय फोर गरम झाल्यावर चालता चालता बंद पडते, आरपीएमचा काटा एकदम शून्यावर

नमस्कार मंडळी, दीड महिना झाला या एका फॉल्टच्या मागे आहे, आता डोकं चालेनासं झालंय म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. पोस्ट लांबलीये, पण अर्धवट सांगितलं तर तुम्ही तरी काय सांगणार.

गाडी ९ वर्षांची, १ लाख ६० हजार किमी झालेत, कॉमन रेल टर्बो डिझेल, मॅन्युअल गिअर, फोर बाय फोर डॅशबोर्डवरच्या नॉबने लागतं म्हणजे ट्रान्सफर केसवर (पुढच्या मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) मोटर आहे. थंड असताना एका सेल्फमध्ये चालू होते, अर्धा पाऊण तास काही तक्रार नाही. मग कधीतरी, रोज नाही, कधी आठवडा आठवडा नाहीच, इंजिन कोणी चावी फिरवून बंद केल्यासारखं बंद होतं. झटके नाहीत, धूर नाही, आधी पिकअप कमी झालाय असंही नाही. बॉनेट उघडून पंधरा वीस मिनिटं थांबलं की परत पहिल्या सेल्फला चालू, जसं काही झालंच नव्हतं.

मागच्या वेळी मी मुद्दाम काट्यांवर लक्ष ठेवून होतो. गाडी चौथ्या गिअरमध्ये उतारावर, क्लच सोडलेला, म्हणजे चाकं इंजिनला फिरवतायत, इंजिन थांबलेलंच नाही, तरी आरपीएमचा काटा धाडकन शून्यावर. स्पीडचा काटा मात्र बरोबर दाखवतोय. त्यामुळे डिझेल कमी पडतंय हे मला पटत नाही. डिझेल तुटलं असतं तर काटा इंजिनच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला असता ना?

याच्या जोडीला इतर प्रकार चालूच आहेत. हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा जरासा वर सरकतो, फोर बाय फोर लावलेलं नसताना त्याचा दिवा लुकलुकतो, हीटर प्लगचा दिवा चालत्या गाडीत मधेच पेटतो. स्कॅनर लावला तर प्रत्येक वेळी वेगळी जत्रा: पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरतंय हे सांगणारा), पी ०६४२ म्हणजे सेन्सरांना मिळणारा ५ व्होल्टचा रेफरन्स कमी, यू ०१०० म्हणजे ईसीएमशी, इंजिनच्या कॉम्प्युटरशी, संपर्क तुटला, आणि एकदा पी ०५६२, सिस्टिमचं व्होल्टेज कमी. एका गॅरेजवाल्याने ईसीयू (तोच कॉम्प्युटर) बदला सांगितलं, दुसऱ्याने पंप. दोघांनीही मीटर हातात घेतला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. इतकी महागडी वस्तू नुसत्या अंदाजावर कशी बदलायची?

आतापर्यंत केलेलं: डिझेल फिल्टर नवीन, जुन्यातलं डिझेल काचेच्या बरणीत ठेवून बघितलं, पाणी नाही. बॅटरी नवीन, रात्रभर उभी राहिल्यावर १२.६, इंजिन चालू असताना १४.२. रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) स्कॅनरवर बघितलं, आयडलला ३०० बारच्या आसपास, रेस दिली की मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर सोबत चढतात. चालू आहे तोपर्यंत डिझेलची बाजू मला तरी स्वच्छ दिसते.

घाई यासाठी की इंजिन बंद झालं की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेकचा व्हॅक्यूम दोन तीन वेळा दाबेपर्यंतच पुरतो. घरच्यांना घेऊन बाहेर पडायची हिंमत होत नाही. हे सगळं एकाच मुळाचं आहे की दोन वेगळे फॉल्ट एकात एक मिसळलेत, आधी हेच कळायला हवंय.

अपडेट, आठ दिवसांनी:

ज्या दादांनी "आधी अर्थिंग मोज, डोळ्यांनी बघू नको" असं लिहिलं त्यांचे मनापासून आभार. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस पोलवर, म्हणजे क्लॅम्पवर नाही तर खुद्द पोलवर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या मोकळ्या धातूवर धरली आणि घरच्यांना सेल्फ मारायला सांगितला. ०.९ व्होल्ट! ०.२ च्या आत हवं ना? गाडीखाली झोपून इंजिन ते चेसिसची पट्टी धरून हलवली तर लग (टोकाची कडी) हातात आला, आतल्या तारा हिरव्या पांढऱ्या भुकटीत कुजलेल्या, जेमतेम चार पाच शाबूत. वरून आवरण एकदम नव्यासारखं, म्हणून दोनदा बघूनही मला दिसलं नव्हतं. नवीन जाड पट्टी लावली, दोन्ही टोकांचा रंग घासून काढला, आता सेल्फच्या वेळी ०.०८. टेम्परेचरचा काटा हलायचा थांबला, दिवे थांबले, सगळे कोड पुसले त्यातला पी ०६४२ आणि यू ०१०० परत आलेले नाहीत.

पण गाडी काल परत बंद पडली.

या वेळी तयारीत होतो. क्रँक सेन्सरच्या कपलरला मागून बारीक पिन घालून दोन लांब वायरी केबिनमध्ये आणून मीटर लावलेला होता. बंद पडली तेव्हा सप्लाय ४.९७ व्होल्ट, जागचा हलला नाही. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य. मग इथेच कोणीतरी सांगितल्याप्रमाणे सेन्सरवर गार पाणी हळूहळू ओतलं, दोन मिनिटांत चालू! कोड एकच, पी ०३३५.

आता अडलोय ते इथे. पाणी सेन्सरवर पडलं तसं कपलरवर आणि त्यामागच्या वीतभर वायरिंगवरही पडलं, आणि ते वायरिंग टर्बोच्या पाइपजवळून जातं, टेप तिथे कडक होऊन तडकलीये. म्हणजे सेन्सर आतून तुटतोय की सिग्नलची वायर तापून सुटतेय हे अजून सिद्ध झालेलं नाही. माझा विचार असा की इंजिन आयडलला ठेवून हीट गनने आधी फक्त वायरिंग तापवायचं, बंद पडली नाही तर मग फक्त सेन्सर. हे बरोबर आहे का, आणि प्लास्टिक न वितळता किती अंतरावरून, किती वेळ? शिवाय सेन्सर तीन पिनांचा आहे, त्यातल्या एका पिनेवर ५ व्होल्ट येतात म्हणजे हॉल टाइपच (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) धरायचा ना? तसं असेल तर ओहम मोजून काही कळणार नाही, सिग्नल वायर कपलरपासून ईसीयूपर्यंत दोन्ही टोकं सोडवून लूम (वायरींचा जुडगा) हलवत तपासतो. ईसीयूचा कपलर काढण्याआधी बॅटरी सोडवून किती वेळ थांबायचं तेवढं कृपया कोणीतरी सांगा, रविवारी बसणार आहे.