गावाला लागून मोठा सोलर प्रकल्प येतोय, ज्यांच्या नावावर जमीनच नाही त्यांचं काय?

प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या गावाला लागून सोलर प्रकल्प यायचाय, 100 मेगावॅटचा म्हणतात. कंपनीची माणसं दोनदा येऊन गेली, विकत नको, 25 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर द्या म्हणाली. जमीनवाले बहुतेक तयार आहेत आणि मी त्यांना अजिबात नावं ठेवत नाही, पाऊस दगा देतो, दर पडतात, त्यापेक्षा वर्षाचे ठरलेले पैसे हातात आले तर कुणाला नकोत. माझा जीव अडकलाय तो बाकीच्यांत. ज्या माळावर प्लेटा बसणार तिथे सात-आठ घरांच्या शेळ्या-मेंढ्या चरतात आणि त्या घरांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. काहीजण दुसऱ्याचं रान वाट्याने करतात, बायका खुरपणीला जातात. बैठकीत यातलं कुणी एक शब्द बोललं नाही, मागे भिंतीला टेकून ऐकलं आणि निघून गेले. शिवाय गाव तापतं, पाणी संपतं, प्लेटेतून विष जमिनीत उतरतं असं काय काय कानावर येतंय. ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी खरं काय ते सांगा प्लीज, सह्या व्हायला फार दिवस राहिले नाहीत.

प्रतिसाद 1

मी सहा वर्षं प्लांटवर मेंटेनन्सला आहे, जेवढं माहितीये तेवढं सांगतो. 100 मेगावॅट म्हणजे साधारण 400 ते 500 एकर धरा, म्हणजे माळ जवळपास सगळा जाणार.

विषाचं म्हणाल तर बहुतेक प्लेटा सिलिकॉनच्या असतात, वजनाचा मोठा भाग नुसती काच, बाजूने अॅल्युमिनियमची फ्रेम, आतल्या तारा जोडायच्या डागात, म्हणजे सोल्डरमध्ये, थोडंसं शिसं असतं. धड प्लेटेतून काही गळत नाही. पण फुटलेल्या प्लेटा कुंपणाच्या कोपऱ्यात पावसात वर्षानुवर्षं पडून राहतात ते मी स्वतः बघितलंय आणि ते चूक आहे, फुटलेला माल इतक्या दिवसांत उचलायचा हे लिहूनच घ्या.

उष्णतेचं पूर्ण खोटं नाही. अमेरिकेत अॅरिझोनात मोजलं होतं, 2016 साली छापून आलं, प्लांटच्या जागेवर रात्रीची हवा आजूबाजूच्या मोकळ्या रानापेक्षा 3 ते 4 अंश जास्त गरम होती. पण ते प्लांटच्या आतलं, लांब जाल तसा फरक कमी होतो. म्हणून अगदी घरांच्या भिंतीला खेटून प्लेटा लावू देऊ नका, इन्व्हर्टर, म्हणजे प्लेटेची वीज लाइनला चालेल अशी करणारं मोठं मशीन, तर नाहीच नाही, दिवसभर त्याचा घूं आवाज चालू असतो.

पाणी प्लेटा धुवायला लागतं. राजस्थानात भडल्याला 2,245 मेगावॅटचा पार्क आहे, तिथे पाण्याशिवाय कोरड्या ब्रशचे रोबोट फिरतात, त्यामुळे कंपनीला हे जमत नाही असं नाही. बोअर मारणार का हे आधीच विचारा.

कामाचं मात्र फसू नका दादा. उभारणीला शेकडो माणसं लागतात, पाइल म्हणजे खांब ठोकायला, स्ट्रक्चर उभं करायला, केबल ओढायला. ते संपलं की आमच्यासारखे मोजके, वॉचमन आणि गवत कापणारे.

प्रतिसाद 2

आमच्याकडे प्रकल्प होऊन चार वर्षं झाली म्हणून लिहिते. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, आमच्याकडे हा प्रश्न सह्या झाल्यावर सुचला.

भाडं वेळेवर येतं, खोटं कशाला बोलू. ज्यांचं येतं त्यांची मुलं शिकतायत, कर्ज फिटलं. पण ज्या आमच्याकडे खुरपायला यायच्या त्या बायका आता पहाटेच्या गाडीने लांब जातात आणि अंधार पडल्यावर परत येतात. भाडं जमिनीच्या मालकाला मिळतं, त्याच जमिनीवर दुसऱ्या चार जणांचं पोट होतं त्याची कुठल्याच कागदावर नोंद नसते. कर्नाटकात पावगड्याला पण शेतकऱ्यांकडून भाड्यानेच जमीन घेतली, 13,000 एकराच्या आसपास, 2,050 मेगावॅट, आणि तिथेही मालकाला भाडं सुरू झालं पण मजुरांचं काम गेलं.

दुसरं म्हणजे वाट. कुंपण टाकलं तेव्हा माळातून पाण्यावर जायची जुनी पायवाट आत गेली. एका म्हाताऱ्या बाबांची जनावरं रोज त्याच वाटेने जायची, पहिले कितीतरी दिवस ती गेटपाशी येऊन उभी राहायची, हाकलली तरी हलायची नाहीत. आता पूर्ण वळसा घालून जावं लागतं. नकाशावर ती वाट नव्हतीच ना, मग कोण सोडणार.

आणि पावसाचं पाणी. प्लेटेच्या खालच्या कडेवरून सगळं पाणी एकाच रेषेत पडतं, पहिल्याच पावसाळ्यात तिथे हातभर खोल चर पडली. जमीन सपाट करताना बांध मोडले होते, गवत खरवडून टाकलेलं, त्यामुळे गाळ सगळा खालच्या शेतात. खालच्या माणसाने जमीन दिलेली नाही, भाडंही नाही, नुकसान मात्र त्याचं!! ओढे-नाले कुठून जातात ते त्यांना पायी फिरून दाखवा आणि गवत ठेवायला लावा.

प्रतिसाद 3

चराईचं पूर्ण बंद होतं असं नाही हो. बऱ्याच देशांत प्लेटांखाली मेंढ्या चारतात, चीनमध्ये चिंघाईच्या मोठ्या प्लांटमध्ये पण सोडतात, गवत कापायचा खर्च वाचतो म्हणून कंपनीलाही परवडतं. फक्त प्लेटेची खालची कड मेंढीच्या पाठीच्या वर पाहिजे आणि केबल नीट झाकलेली, आणि हे डिझाइनच्या वेळीच ठरतं, खांब ठोकल्यावर काही होत नाही. प्लेटांखाली शेतीची कल्पना तर जर्मनीत 1982 लाच मांडली होती. जपानमध्ये शेतजमिनीवर अशी परवानगी देताना पीक त्या भागाच्या सरासरीच्या निदान 80 टक्के यायला पाहिजे अशी अट घातली होती. म्हणजे अट घालता येते, घालणारा पाहिजे.

प्रश्नकर्ता

खूप आभार सगळ्यांचे. ताई, तुमचं वाचून काल संध्याकाळी त्या घरांत जाऊन बसलो, वाटा कुठून कुठे जातात ते कागदावर काढून घेतलं, तीन वाटा निघाल्या, मला स्वतःला एकच माहिती होती. आता अडचण अशी की निम्म्या घरांकडे मेंढ्या नाहीत, शेळ्याच आहेत. शेळ्या चालतील का आत?

प्रतिसाद 1

शेळ्या नाही चालत दादा, प्लेटेवर चढतात, वायर चावतात, बहुतेक प्लांट आत घेणार नाहीत. त्यांच्यासाठी कुंपणाबाहेर पट्टा मागा, झाडपाला होईल असा, आणि तो नकाशात रंगवून सहीच्या कागदाला जोडा. तोंडी हो म्हणणारा मॅनेजर पुढच्या वर्षी दुसऱ्या साइटवर असतो.

प्रतिसाद 2

आणि 25 वर्षांनी खांब, काँक्रीट, केबल कोण काढणार ते पण. आमच्या कागदात ती ओळच नाहीये. त्या तीन वाटांची रुंदी पण लिहा, कळप जाईल एवढी, नाहीतर माणूस जाईल एवढी फट सोडून वाट दिली म्हणतील.