मॅरेथॉनच्या तयारीत दुखापत झाली तर: अनुभवी धावकांकडून नेमका तपशील

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. जुलैच्या पावसात सुरू झालेली तयारी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंचवीस-तीस किलोमीटरच्या लाँग रनपर्यंत पोचते आणि नेमकं तेव्हाच कुणाची नडगी, कुणाची टाच, कुणाचा गुडघा कुरकुरायला लागतो. नोकरी सांभाळून पहाटे धावणाऱ्याला अशा वेळी दोनच सल्ले मिळतात: "पूर्ण विश्रांती घे" किंवा "काही होत नाही, धाव". बहुतेक दुखापतींसाठी दोन्ही चुकीचे आहेत. भार किती कमी करायचा आणि पुन्हा कसा वाढवायचा, हे मोजून ठरवता येतं.

म्हणून ही विनंती. स्वतःची कहाणी बाजूला ठेवून तिच्यातून हाती लागलेलं लिहा: दुखणं कुठे, ओळखायचं कसं, व्यायाम कोणता, किती वेळा, किती आठवडे आणि कुठे बिनसतं.

सुरुवात मी करतो. दुखण्याला 0 ते 10 आकडा द्या. धावताना 2 पर्यंत असेल तर चालू ठेवा. 3 ते 5 असेल तर अंतर आणि वेग कमी करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या सकाळइतकंच आहे ना ते पाहा. 5 च्या वर गेलं किंवा चाल बदलून लंगडायला झालं, तर तिथेच थांबून रिक्षा करा. धावताना अंग तापलं की दुखणं दबतं, त्यामुळे खरा निकाल सकाळी उठल्यावरच लागतो. स्नायू आणि टेंडनला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला) ही पट्टी चालते. हाडाच्या दुखण्याला ती लावायची नाही.

फिजिओथेरपिस्ट, ठाणे

हाडावरूनच पुढे जाते, कारण सगळ्यात महाग पडणारी गफलत तिथे होते. नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या भागात, चार-पाच बोटं किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, धाव सुरू करताना जास्त आणि नंतर कमी होत असेल, तर तो बहुधा शिन स्प्लिंट असतो. एका बोटाने दाखवता येईल अशी जागा, दाबल्यावर कळ, धावत गेलं तसं वाढत जाणारं आणि पुढे रात्री झोपेतही ठणकणारं दुखणं असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरचा, म्हणजे सततच्या भाराने हाडाला गेलेल्या बारीक तड्याचा, संशय घ्यायचा. इथे एक्स-रे फसवतो. पहिले दोन-तीन आठवडे त्यात बऱ्याचदा काहीच दिसत नाही आणि "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून माणूस पुन्हा धावायला लागतो. संशय पक्का असेल तर एमआरआय करावा.

शिन स्प्लिंटसाठी आठवड्याचं अंतर निम्म्यावर आणा. चढ-उतार आणि वेगाचे सराव बंद. एका पायावर टाच उचलण्याचे 15 चे 3 सेट, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, एक दिवसाआड. गुडघा वाकवला की खोलवरच्या सोलियस स्नायूवर भार येतो. धावताना पोटरीतला सगळ्यात मोठा वाटा तोच उचलतो, आणि घरच्या व्यायामातून नेमका तोच सुटतो. स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं तर नडगीच्या आतल्या कडेला साधारण 6 ते 8 आठवडे धावणं पूर्ण बंद, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

अस्थिरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

वरच्याला एक जोड. जांघेत खोल दुखत असेल आणि पायावर भार टाकल्यावर वाढत असेल, तर "एका पायावर उडी मारून बघू" हा प्रयोग घरी करू नका. मांडीच्या हाडाच्या मानेला तडा असू शकतो. तो सरकला तर शस्त्रक्रिया अटळ होते. चालणंही थांबवून त्याच दिवशी दाखवा. नडगीची पुढची कड, पावलाच्या वरच्या बाजूचं नॅव्हिक्युलर हाड आणि करंगळीकडच्या हाडाचा मागचा भाग या जागाही सहज भरून येत नाहीत. त्या अंगावर काढू नयेत.

धावकांचा प्रशिक्षक, पुणे

टाचेबद्दल लिहितो. दोन वेगळी दुखणी एकाच नावाने ओळखली जातात आणि उपचार उलटे होतात.

टाचेच्या हाडाच्या 2 ते 6 सेंटिमीटर वर टेंडन जाड लागतं, चिमटीत धरलं की दुखतं, सकाळी ताठरतं. हे अकिलीसचं, म्हणजे पोटरी टाचेला जोडणाऱ्या टेंडनचं, मधल्या भागातलं दुखणं. यावर स्वीडनचे डॉक्टर आल्फ्रेडसन यांनी 1998 साली मांडलेली पद्धत आजही वापरतात. जिन्याच्या पायरीवर चवडे, टाच हवेत. चांगल्या पायाने वर जायचं, दुखऱ्या पायावर सावकाश खाली यायचं, पायरीच्या पातळीच्याही खाली. 15 चे 3 सेट गुडघा सरळ ठेवून आणि 3 सेट वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. रोजचे 180 होतात. सोपं वाटायला लागलं की पाठीला सॅक लावा आणि त्यात 5 किलो तांदळाची पिशवी टाका, पुढे वजन वाढवत न्या. पहिले दोन आठवडे दुखतं, आणि "व्यायामाने वाढलं" म्हणत लोक नेमके तेव्हाच सोडतात. सकाळचा ताठरपणा किती मिनिटं टिकतो ते वहीत लिहा. पंधरा मिनिटांवरून पाचवर आला की दिशा बरोबर आहे.

टेंडन जिथे हाडाला चिकटतं तिथेच दुखत असेल, तर टाच पायरीखाली न्यायची नाही. खाली नेलं की टेंडन हाडावर दाबलं जातं. सपाट जमिनीवरच करा आणि काही आठवडे बुटात टाचेखाली सेंटिमीटरभर उंचीची गादी ठेवा. पोटरीचे ताण देणारे व्यायामही यात नकोत. शून्य ड्रॉपच्या (टाच आणि चवडा एकाच उंचीवर असलेल्या) बुटांवर एकदम उडी मारलेल्यांत हे हमखास दिसतं.

तिसरं दुखणं तळव्याचं, प्लांटर फॅसायटिस. सकाळचं पहिलं पाऊल टाकताच टाचेखाली सुई टोचल्यासारखी कळ. घट्ट गुंडाळलेला टॉवेल पायरीवर बोटांखाली ठेवा, म्हणजे बोटं वर वळतात. मग एका पायावर 3 सेकंदांत वर, 2 सेकंद थांबा, 3 सेकंदांत खाली. 12 चे 3 सेट, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी वजन वाढवून 10 चे 4, आणखी दोन आठवड्यांनी 8 चे 5. बाटली फिरवण्याने तात्पुरतं बरं वाटतं, पण ताकद येत नाही. आणि घरात फरशीवर अनवाणी फिरणं बंद. घरात घालायची जाड तळाची चप्पल पलंगाशेजारीच ठेवा. आपल्याकडे हा उपाय सांगितला की लोकांना संकोच वाटतो, पण दिवसातले दहा तास कडक फरशीवर काढून वीस मिनिटांच्या व्यायामाने टाच बरी होत नाही.

योगशिक्षिका आणि धावक, डोंबिवली

बसल्यावर हाडाखाली, नितंबाच्या घडीत दुखत असेल, तर पश्चिमोत्तानासन आणि उभ्याने पुढे वाकणं थांबवा. "आखडलंय" असं वाटतं खरं, पण हॅमस्ट्रिंगचं (मांडीच्या मागच्या स्नायूंचं) टेंडन तिथल्या हाडावर दाबलं जाऊन चिडलेलं असतं. ताण दिला की पुन्हा चिडतं. त्याऐवजी सेतुबंधासनात 30 ते 45 सेकंद थांबा, पाच वेळा. जमलं की एका पायावर. ऑफिसात मऊ गादीवर बसा. यातून बाहेर यायला महिने लागतात.

घाटात धावणारा, सातारा

यवतेश्वरचा घाट चढताना फुप्फुसं बोलतात, गुडघा बोलतो तो उतरताना. हिल मॅरेथॉनसाठी उताराचा सराव एकदम वाढवला की आयटी बँड, म्हणजे कुल्ह्यापासून मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा, धरतो. खूण पक्की: गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतरानंतर, समजा सहाव्या किलोमीटरला, चटका बसतो आणि थांबलं की जातो. गुडघा सुमारे 30 अंशांत वाकलेला असताना तिथे दाब पडतो. सावकाश जॉगिंगमध्ये पाय त्या कोनात जास्त वेळ राहतो, म्हणून बऱ्याच जणांना हळू धावताना जास्त आणि वेगात कमी दुखतं. त्यामुळे सहाला दुखत असेल तर पाचला थांबायचं. तेही एक दिवसाआड आणि सपाटीवर.

रस्त्याची बाजूही पाहा. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. रोज त्याच कडेने धावलं की एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो. मैदान मिळालं तर दर फेरीला दिशा बदला.

फोम रोलरने बँड लांबत नाही, ते जाड पट्टीसारखं ऊतक आहे. काम कुल्ह्याच्या स्नायूंचं. 20 सेंटिमीटरच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच जमिनीला टेकवून वर, 10 चे 3 सेट. समोर आरसा ठेवा. गुडघा आत झुकला तर ते आवर्तन मोजू नका. सोबत साइड प्लँक (कुशीवर, एका कोपरावर आणि पावलावर शरीर सरळ उचलून धरणं), दोन्ही बाजूंना 30 सेकंद, तीनदा. पावलांची गतीही वाढवून पाहा. मिनिटाला 160 पडत असतील तर मेट्रोनोम (ठेका देणारं) अॅप लावून त्याच वेगात 168. पावलं लहान पडतात आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. गुडघ्याच्या वाटीभोवती, जिना उतरताना दुखणाऱ्यांनाही हे लागू.

अस्थिरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

पावसाळ्यात घोटा मुरगळणं ठरलेलं: पाण्याखालचा खड्डा, उखडलेला पेव्हर ब्लॉक. एक्स-रे कधी काढायचा? चार पावलं भार टाकून चालता येत नसेल, किंवा घोट्याच्या आतल्या अथवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये दाबून दुखत असेल, किंवा करंगळीकडच्या हाडाच्या मागच्या टोकावर वा नॅव्हिक्युलरवर दुखत असेल, तर काढायचा. यातलं काही नसेल तर फ्रॅक्चरची शक्यता फार कमी.

पहिले दोन-तीन दिवस मालिश, शेक आणि "बसवून देणं" नको. आतलं रक्त वाढतं. पट्टी बांधा, पाय उंच ठेवा, आणि सोसेल तसं चालायला लवकर लागा. नंतर एका पायावर तोल: दात घासताना 1 मिनिट, पुढे डोळे मिटून. सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असं नाही. तोल परत आला नाही तर तोच घोटा पुन्हा मुरगळतो.

फॅमिली डॉक्टर, नाशिक

डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेऊन लाँग रन करू नका, मॅरेथॉन तर मुळीच नको. घामाने पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. शिवाय दुखण्याच्या 0 ते 10 पट्टीवरचा आकडा खोटा दाखवतात, म्हणजे 6 चं दुखणं 2 वाटतं. धावल्यावरही भरपूर पाणी-जेवण होऊन लघवी फिकट येईपर्यंत नको. वाटेवर स्वयंसेवक मारतात तो स्प्रे कातडी गार करतो, आत काही करत नाही. अकिलीस टेंडनमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका, टेंडन तुटण्याचा धोका असतो.

महिला धावकांची प्रशिक्षक, मुंबई

हाडाची दुखापत पुन्हा पुन्हा होत असेल तर बुटांआधी ताट तपासा. श्रावण आणि नवरात्र नेमके अंतर वाढवण्याच्या महिन्यांत येतात. उपवास करायचा तर करा, पण लाँग रन त्या दिवशी नको. निदान आदल्या संध्याकाळी भात-पोळी पोटभर, आणि धावून आल्यावर तासाभरात रताळं, दूध, केळी, शेंगदाणे. मासिक पाळी तीन महिने आली नाही तर "सरावामुळे होतं" म्हणून सोडून देऊ नका. शरीराला खर्चाइतकं अन्न मिळत नसल्याची ती खूण आहे आणि त्यात हाडं ठिसूळ होतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, सोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी आणि थायरॉइड तपासून घ्या. पुरुषांनाही कमी खाण्याचा फटका बसतो. त्यांच्यात पाळीसारखी उघड खूण नसते, इतकंच.

ट्रायथलॉन करणारा, नागपूर

धावणं थांबलं तरी पहिल्या दहा दिवसांत दमसास फारसा घटत नाही, घाबरू नका. त्यापुढे मात्र काहीतरी हवं. सर्वांत जवळचं म्हणजे खोल पाण्यात धावणं: कमरेला फ्लोट बेल्ट, पाय तळाला न टेकवता. गुडघे वर, हात धावतानासारखे, शरीर जरासं पुढे. 10 मिनिटं सावकाश, मग 2 मिनिटं जोरात व 1 मिनिट सोपं असं 10 वेळा, शेवटी 5 मिनिटं सावकाश. पाण्यात हृदयाचे ठोके जमिनीपेक्षा साधारण 10 ने कमी दिसतात, म्हणून घड्याळाकडे न बघता श्वासावर जा. सायकल नडगीला आणि टाचेला चालते. आयटी बँडला सीट फार उंच किंवा फार खाली असेल तर तेच दुखणं उठतं.

पेसर (शर्यतीत ठरलेल्या वेगाने धावून इतरांना साथ देणारा), मुंबई

परत धावायला कधी लागायचं? 30 मिनिटं भरभर चालून दुखलं नाही, एका पायावर 20 वेळा टाच उचलता आली, त्याच पायावर 20 उड्या न दुखता झाल्या, की लागा. पहिला आठवडा 1 मिनिट धाव व 2 मिनिटं चाल, 10 वेळा, एक दिवसाआड. पुढे 2-1, मग 4-1, मग 9-1, शेवटी सलग 30 मिनिटं. आधी अंतर वाढवा, वेग नंतर, दोन्ही एकत्र कधीच नाही. आणि कुठलीही एक धाव मागच्या 30 दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा 10 टक्क्यांहून मोठी नको. सर्वांत लांब 16 झाली असेल तर पुढची 17.5, एकदम 24 नाही. बुडालेली लाँग रन पुढच्या रविवारी "भरून काढणं" हे दुसऱ्या दुखापतीचं सर्वांत नेहमीचं कारण मी पाहतो.

बिब (शर्यतीचा छातीवरचा क्रमांक) घेऊन ठेवलेल्यांसाठी माझा हिशोब असा. आठवडाभर बुडालं तर जिथे होतात तिथून पुढे जा. दोन आठवडे बुडाले तर आधीच्या तीन चतुर्थांशापासून सुरुवात. चार आठवडे बुडाले आणि हातात आठपेक्षा कमी उरले, तर वेळेचं लक्ष्य सोडा, सुरुवातीपासून 4 मिनिटं धाव-1 मिनिट चाल ठेवा. हाडाचं दुखणं असेल तर यंदा नाही.

ज्यांचा आयटी बँड नुकताच बरा झालाय त्यांना मुंबई मॅरेथॉनच्या मार्गातल्या पेडर रोडच्या चढाची भीती वाटते. परतीच्या वाटेवर तो तीस किलोमीटरनंतर येतो आणि पाय संपलेले असतात हे खरं, पण गुडघ्याला त्रास देतो तो त्यापुढचा, चौपाटीकडे येणारा उतार. चढ चालत गेलात तरी चालेल. उतारावर पावलं आखूड ठेवा आणि मागे झुकून ब्रेक मारू नका.